कांडीतली धडपड

सकाळी ५.३०
फोन वाजतो. “डॉक्टर, गाय रात्रीपासून हंबरतीय. सोट टाकतीय.” फोन उचलणारा रेतन सेवक आहे, पण गावाला डॉक्टरच. रात्री माज दिसला, म्हणजे सकाळी भरवायची.

६.१५
नायट्रोजनच्या डब्यात लाकडी पट्टी बुडवतो. बाहेर काढल्यावर दंव जमेल तेवढी पातळी. आत उणे १९६ अंश. डबा मोटरसायकलला बांधतो.

७.००
गोठा. चिमट्यानं गोठवलेल्या रेताची कांडी उचलून ३७ अंशाच्या पाण्यात, ३० सेकंद. थर्मामीटर शर्टाच्या खिशातच असतो. पाव मिलिलिटरच्या कांडीत दोन कोटी शुक्राणू. वितळल्यावर निम्मे तरी पुढं पोहायला हवेत. कांडी कोरडी पुसायची. पाण्याचा थेंबही त्यांना बाधतो. टोक कापून रेतनाची गन भरतो. डावा हात गुदाशयातून गर्भाशयाचं मुख धरतो, उजवा हात गन सरकवतो. पेट्रोल, कांडी, हातमोजा आणि शीथ वजा करून उरेल ती मजुरी. गाय उलटली, तर पुढची खेप पदरची.

११.००
तारेनं सड फाटलेली गाय. पशुवैद्य बधिर करणारं लिग्नोकेन टोचून टाके घालतात. हा गाय धरतो; औषध मोज्यावर सांडतं.
“आता या मोज्यानं कांडीला हात लावू नकोस,” ते बजावतात.
“शुक्राणूला कुठं नस असते, साहेब?”
“नस नसते, पण पातळ आवरण असतं. औषध तिथं शिरतं. लिग्नोकेन जास्त झालं की शेपूट मंदावतं, थांबतंही. त्याच जातीचं प्रोकेन प्रयोगशाळेत वळूच्या शुक्राणूंना दिलं, तर आत कॅल्शियम वाढतं आणि शेपूट चाबकासारखं फटकारतं. धडपड दिसते मोठी, पण बरेच जागीच गरगरतात.”

१२.००
मोजा फेकतो. हात साबणानं धुतो, स्वच्छ पाण्यानं खळखळून, मग कोरडे पुसतो. साबणाचा अंशही चालत नाही. नवा मोजा त्याच्याच खिशातून.

सायंकाळी ५.३०
सकाळी माजावर आलेली दुसरी गाय. पुन्हा ३७ अंश, पुन्हा ३० सेकंद.

८.००
वहीत तारीख, वेळ, वळूचा क्रमांक. गाभण तपासणी तीन महिन्यांनी.

पशुपालकांनो, माज दिसल्याची वेळ लिहून ठेवा. रेतनाआधी जनावराला टाके घातले असतील, तर तेही सांगा. आणि कांडी वितळताना पाण्यात थर्मामीटर आहे का, हे बेधडक विचारा.