सावजी रस्सा आणि तगडी रेड वाईन : जोडी का जमत नाही?

नाशिकची रेड वाईन आता नागपूरच्या हॉटेलांत सहज मिळते. रामाकोना, सौंसर, पांढुर्णा भागातली मंडळी कामाला किंवा लग्नाच्या खरेदीला तिकडे गेली की एखादा हौसेनं ग्लास मागवतो. सोबत अर्थातच सावजी मटण. एक घास, एक घोट, आणि तोंडाची नुसती आग. ‘हे काय, कडू औषध!’ म्हणत ग्लास बाजूला. पैसे गेले ते गेलेच. यात दोष वाईनचाही नाही नि मटणाचाही नाही, जोडी चुकलेली असते.

अशी तगडी लाल वाईन मुळात कशासोबत पितात? त्यासाठी उत्तर इटलीतलं वाल्तेल्लिना खोरं पाहावं लागेल. आल्प्स पर्वतात, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून असलेल्या या खोऱ्यात डोंगरउतारावर दगडी बांध रचून नेब्बियोलो जातीची द्राक्षं लावतात. तिथली ‘स्फोर्झातो’ करताना द्राक्षं तोडली की लगेच चिरडत नाहीत. हवेशीर माळ्यावर दोन-तीन महिने सुकवतात. आपल्या तासगावला बेदाणा करतात तसंच, फक्त अर्ध्या वाटेवर थांबायचं. पाणी उडतं, साखर आणि तुरटपणा घट्ट होतो. नियमानं या वाईनमध्ये अल्कोहोल किमान 14 टक्के हवं, आणि विक्रीआधी ती 20 महिने मुरवावी लागते.

तिच्यासोबत थंडीत ताटात असतं ते लोणी-चीज घालून घोटलेलं मक्याचं किंवा कुट्टूचं पीठ, जुनं मुरलेलं चीज, मंद आचेवर शिजवलेली शिकार. छिंदवाड्याकडच्या मका पिकवणाऱ्या माणसाला तो मक्याचा घाटा काही परका वाटायचा नाही. पण त्या ताटात मिरची नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे.

लाल वाईनचा तुरटपणा टॅनिनमुळे येतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कोरडी पडते, तोच प्रकार. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं. तोंडात चीज, मांस असलं की ते तिकडे गुंततं आणि वाईन मऊ लागते. सावजीत मात्र तिखटाचा मारा असतो. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकांना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोलही चिथावतं. म्हणजे आगीत तेल. वाईन जितकी तगडी, तितकी जळजळ जास्त.

मग नाशिकच्या शिराझसोबत आपल्याकडचं काय जमेल? पहिला मान रोडग्यांचा. गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले रोडगे आणि वरण : तूप तुरटपणा आवरतं आणि भाजल्याचा धुरकट वास लाकडी पिंपात मुरलेल्या वाईनला शोभतो. निखाऱ्यावरच्या वांग्याचं भरीतही चालेल, हिरवी मिरची नावालाच ठेवली तर. मांसाहारात काळी मिरी घातलेलं सुकं मटण किंवा कलेजी. शिराझच्या वासात मिरीची झाक असते ती उगीच नाही. रोटनडोन नावाचा एकच घटक दोन्हींत असतो.

मासळीसोबत रेड वाईन नकोच, तोंडात लोखंडी चव येते. पुरणपोळीसोबत ती आंबट लागते. आणि सावजीच खायचं पक्कं असेल तर नाशिकचीच किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लां घ्यावी. खरं तर ताक त्याहून बरं.

रेड वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं सांगतात, ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. सौंसरच्या मे महिन्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावीच लागेल. रोज थोडी घेतली तर हृदयाला चांगली, या समजावर मात्र विसंबू नये. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे.

सीमेवरच्या लोकांसाठी आणखी एक. दारूचे नियम आणि कर प्रत्येक राज्याचे वेगळे. ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’ असा शिक्का असलेली बाटली बिनपरवाना मध्य प्रदेशात आणली तर अबकारी खात्याची कारवाई होऊ शकते. नागपूरहून परतताना गाडीत बाटली टाकण्याआधी लेबल वाचावं.