मेमरी गळते कुठे?

रात्रभर चालायला लावलेलं सिम्युलेशन सकाळी मेमरी संपून बंद पडलेलं दिसतं. मग प्रश्न पडतो, पायथनमध्ये गार्बेज कलेक्टर आहे ना?

आहे. पण तुम्हाला काय लागणार, हे त्याला कळत नाही. एखाद्या ऑब्जेक्टपर्यंत प्रोग्राममधून अजून पोचता येतं का, एवढंच तो बघतो. जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये लिस्पसाठी मांडलेल्या कल्पनेचा गाभाही हाच होता. म्हणजे दर फेरीचा निकाल ‘असू दे’ म्हणून ग्लोबल डिक्शनरीत टाकत गेलात, तर कलेक्टर त्याला हात लावणार नाही. तो मुद्दाम चालवलात तरीही नाही.

शोधायचं कसं? पायथनसोबतच येणारं ट्रेसमॅलॉक वापरा. पहिला स्नॅपशॉट अगदी सुरुवातीला नको, कारण लायब्ऱ्या लोड होताना मेमरी वाढतेच. दहाव्या फेरीनंतर एक घ्या, शंभराव्या फेरीनंतर दुसरा, आणि फरक बघा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मेमरी कुठल्या ओळीवर घेतली गेली ते ट्रेसमॅलॉक सांगतं. ती कोण धरून बसलंय ते नाही. ते शोधायला जीसी मॉड्यूलमधलं गेट-रेफरर्स आहे.

नुसती रॅम वाढवलीत, तर प्रोग्राम फक्त जरा उशिरा बंद पडेल.