ठेंगण्या मिनी मोटारीचीं चाकें

इंग्लंडांत १९५९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत एक चिमुकली मोटार बाजारांत आली. तिची लांबी दहा फुटांहून केवळ केसभर अधिक होती. सुवेझ कालव्याच्या पेचप्रसंगामुळें त्या देशांत पेट्रोलची टंचाई झाली होती, आणि चार माणसांना थोडक्या इंधनांत वाहून नेईल अशी गाडी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या कंपनीस हवी होती. अॅलेक इसिगोनिस या अभियंत्यानें ती आंखली. एंजिन आडवें ठेवून, गिअरपेटी त्याच्याच पोटाखालीं घालून आणि सारी शक्ति पुढच्या चाकांस देऊन त्यानें जागा वांचविली; पण मोठीं चाकें घातलीं असतीं तर त्यांच्या कमानींनीं तीच जागा पुन्हां खाऊन टाकली असती. म्हणून अवघ्या दहा इंच व्यासाच्या रिमवर बसणारे टायर डनलॉप कंपनीकडून मुद्दाम करवून घेण्यांत आले. हीच ती मिनी. २००० सालच्या ऑक्टोबरमध्यें तिचें उत्पादन थांबलें, तोंपर्यंत त्रेपन्न लाखांहून अधिक गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या होत्या.

ही गाडी मुळांतच जमिनीलगत. तरीहि तिच्या चाहत्यांना ती आणखी खालीं हवी असते. याला एक कारण दिखाऊपणाचें आहे, दुसरें शास्त्राचें. गुरुत्वमध्य जितका खालीं, तितकी गाडी वळणावर कमी कलंडते. शर्यतीच्या गाड्या याच हेतूनें खालीं बसवितात. आणि १९६४, १९६५ व १९६७ सालीं मिनीनें मोंटे कार्लोची रॅली जिंकल्यावर साध्या रस्त्यानें कचेरींत जाणाऱ्या मालकांनाहि शर्यतीच्या गाडीचा सोस लागला. सोस वाईट नाहीं. मात्र ब्रिटनमध्यें २०१८ सालच्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना, त्यांत मोठा फेरफार झालेला नसल्यास, वार्षिक तपासणीचें बंधन राहिलेलें नाहीं. गाडी धडधाकट ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहेच. पण वर्षांतून एकदां तिच्या पोटाखालीं दिवा धरून पाहणारा त्रयस्थ निरीक्षक आतां सक्तीचा नाहीं. ज्यानें गाडी खालीं उतरविली, त्यानेंच ती तपासावयाची अशी ही स्थिति आहे. म्हणून हें काम नीट समजून घेणें अगत्याचें ठरतें.

बहुतेक मोटारींना पोलादी पट्ट्यांच्या किंवा वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असतात. मिनीला तशी स्प्रिंग नाहीं. अॅलेक्स मोल्टन या संशोधकानें तिच्यासाठीं रबराचा एक शंकु योजला. रबराचा गुण असा कीं, आरंभीं तें सहज दबतें आणि जसजसा भार वाढेल तसतसें अधिकाधिक ताठर होत जातें. एकटा चालक बसला काय किंवा चार माणसें बसलीं काय, एवढ्याशा हलक्या गाडींत हा फरक फार मोठा असतो. तो पेलण्यास हा गुण सोयीचा पडला. चाक एका दांड्याच्या टोकाला असतें. दांडा हलला म्हणजे तो एका पोकळ धातूच्या नळीला रेटतो आणि नळी रबरी शंकूला दाबते. नळीचें एक तोंड पसरट असल्यामुळें इंग्रज कारागीर तिला ‘ट्रंपेट’, म्हणजे तुतारी, म्हणतात. पुढच्या बाजूस ही तुतारी उभी व आंखूड असते, मागच्या बाजूस लांब व आडवी. १९६४ पासून कांहीं वर्षें मिनीच्या सलून गाड्यांत रबराबरोबर द्रवाच्या दाबावर चालणारी ‘हायड्रोलॅस्टिक’ रचना वापरली गेली. तिची उंची द्रवाच्या दाबानें ठरते. पुढील विवेचन तिला लागू नाहीं.

आतां गाडी खालीं उतरते कशी तें पहावें. तुतारी आंखूड केली कीं दांडा वर उचलला जातो आणि गाडीचें धूड चाकांवर खालीं येतें. येथें शाळेंत शिकविलेला तरफेचा नियम उपयोगी पडतो. शंकु दांड्याच्या टेकूजवळ, तर चाक दूर टोकाला. त्यामुळें तुतारींतला अल्पसा फरक चाकापाशीं कितीतरी पटींनीं वाढतो. पुढें तो सुमारें तिप्पट होतो, मागें सुमारें पांचपट. गाडी सर्वत्र ३० मिलिमीटर खालीं आणावयाची असेल, तर पुढची तुतारी १० मिलिमीटर आणि मागची केवळ ६ मिलिमीटर आंखूड करावी लागते. हा हिशेब न करतां चारी ठिकाणीं सारखीच कपात करणाऱ्याची गाडी मागून बसकी आणि पुढून नाक वर केलेली दिसते. पूर्वीं तुतारी करवतीनें कापीत. कापलेली नळी पुन्हां वाढविण्याचा मार्ग नसे. पुढें आटे पाडलेल्या, पान्यानें लांब-आंखूड करतां येणाऱ्या तुताऱ्या निघाल्या आणि हें काम पुष्कळ सुकर झालें. कदाचित् फाजील सुकर झालें असेंहि म्हणतां येईल. कारण जें पान्याच्या चार वेढ्यांनीं साधतें, त्याचा विचार चार मिनिटेंहि केला जात नाहीं.

पान्याला हात घालण्यापूर्वीं एका गोष्टीची शहानिशा करावी. पुष्कळ जुन्या मिनी कोणीं न उतरवितां आपोआपच खालीं बसलेल्या असतात. रबर वर्षानुवर्षें भाराखालीं राहिलें कीं कायमचें चेपतें. अशी गाडी दिसावयास उतरविलेली दिसते, पण तिच्यांत लवचिकपणा उरलेला नसतो. ती दगडासारखी आपटत जाते. मालक मात्र ‘शर्यतीची बैठक’ म्हणून तिचें कौतुक करतो. तिच्या तुताऱ्या आणखी आंखूड करणें म्हणजे दमेकऱ्याला धांवावयास लावणें होय. आधीं नवे शंकु बसवावे. पुढचा शंकु काढतांना वरून आंत फिरविण्याचें एक स्क्रूचें हत्यार लागतें. त्यानें शंकु आंवळून वर ओढल्यावांचून त्या भागास हात लावूं नये. नव्या शंकूंनीं गाडी प्रथम चमत्कारिक उंच दिसते. घाबरून लगेच तुताऱ्या फिरवूं नयेत. रबर मुरण्यास कांहींशें मैलांचा प्रवास लागतो. तो झाला म्हणजे मगच उंची कायम करावी.

उंची मोजावयाची ती सपाट जमिनीवर, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत, टायरांत योग्य हवा भरून. गाडी जॅकवरून खालीं सोडल्याबरोबर घेतलेलें माप खोटें असतें. चाकें अधांतरीं असतांना आंत ओढलीं गेलेलीं असतात, आणि जमिनीला टेकल्यावर टायर तेथेंच घट्ट धरून राहतात. गाडी दहा-बारा पावलें पुढें-मागें ढकलावी, कोपरे दाबून दोन-चार वेळां हालवावे, मग पट्टी लावावी. एवढी गोष्ट ठाऊक नसल्यामुळें दिवसभर उंचीशीं झगडणारे लोक कमी नाहींत. गाडीखालीं शिरतांना ती केवळ जॅकवर न ठेवतां भक्कम तिवयांवर टेकविलेली असावी, हें निराळें सांगण्याची गरज नसावी. तरीहि सांगितलेलें बरें.

आतां मुख्य मुद्दा. तुतारी आंखूड केल्यानें स्प्रिंग ताठर होत नाहीं. भार तोच, रबर तेंच, त्याचें दबणें तेंच. बदलतें तें एवढेंच कीं चाकाला वर जाण्यासाठीं असलेलें अंतर घटतें. दांडा एका मर्यादेपलीकडे जाऊं नये म्हणून तेथें रबराचा एक ठोकळा असतो. गाडी तीस मिलिमीटर खालीं आणली म्हणजे चाक त्या ठोकळ्याच्या तीस मिलिमीटर जवळ गेलें. मिनीच्या चाकाची एकंदर हालचाल मुळांतच थोडी. त्यांतून एवढा घांस काढला तर खड्ड्यांत चाक ठोकळ्यावर आदळतें, त्या क्षणीं स्प्रिंग नसल्यासारखीच होते, आणि वळणावर असें घडलें तर टायरची पकड एकाएकीं सुटते. गाडी खालीं आणल्यानें वळणावर जें स्थैर्य मिळवावयाचें, तें अति खालीं आणल्यानें असें गमावलें जातें. किती अंतर उरलें आहे तें पाहण्याची साधी युक्ति म्हणजे दांडा आणि ठोकळा यांच्यामध्यें पुटीचा गोळा चिकटवून गाडी नेहमींच्या रस्त्यावरून फिरवून आणणें. परत आल्यावर गोळा पापडासारखा चपटा झालेला आढळला, तर तुतारी पुन्हां लांबवावी. सर्वसाधारण रस्त्यासाठीं इंच-सव्वा इंचापलीकडे जाण्यांत शहाणपण नाहीं.

शॉक अॅब्सॉर्बरचीहि गोष्ट याच अंतराशीं निगडित आहे. मूळ लांबीचा शॉक अॅब्सॉर्बर खालीं बसविलेल्या गाडींत ठेवला, तर दांडा ठोकळ्याला लागण्याआधीं तोच पुरता मिटूं शकतो आणि सारा आघात त्याच्या खिळीवर येऊं शकतो. उलट, जॅकनें गाडी उचलली कीं तो अधिक उघडतो, चाक फार खालीं लोंबतें, आणि आंखूड झालेली तुतारी आपल्या वाटींतून सुटूं शकते. चाक खालीं टेकतांना ती जागेवर बसली नाहीं तर गाडीचा तो कोपरा एकदम कोसळतो. यासाठीं मिटलेली आणि उघडलेली अशा दोन्ही लांबींनीं आंखूड असलेले शॉक अॅब्सॉर्बर घालावे, आणि चाक जितकें लोंबेल तितकें लोंबवून तुतारी वाटींत घट्ट आहे ना, हें हातानें चांचपून पहावें.

एवढें झालें म्हणजे मग चाकें. मिनीच्या चाकाला चार बोल्ट असतात व ते ४ इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात. पण बोल्ट जुळले म्हणजे चाक जुळलें असें नव्हे. १९८४ सालीं कारखान्यानें दहा इंचांऐवजीं बारा इंचांचीं चाकें आणि पुढें ८.४ इंचांच्या ब्रेकच्या तबकड्या दिल्या. त्या तबकड्यांवर जुनें दहा इंची चाक चढत नाहीं. पुढें कांहीं गाड्यांना तेरा इंचांचींहि चाकें आलीं. मोठ्या रिमनें गाडी फार उंच होते ही समजूत चुकीची आहे. १४५/८० मापाचा टायर दहा इंची रिमवर ४८६ मिलिमीटर व्यासाचा होतो, तर १७५/५० मापाचा तेरा इंची रिमवर ५०५ मिलिमीटर. म्हणजे गाडी उचलली जाते ती जेमतेम दहा मिलिमीटर. रिम वाढला, पण रबराची भिंत बरीच घटली. अडचण उंचीची नसून रुंदीची आहे. तीस मिलिमीटर अधिक रुंद टायर बाहेर आला तर कमानीची कड त्याला कापते, आंत गेला तर सबफ्रेमच्या भागांना घांसतो. चाक बसण्याचा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती आंत वा बाहेर आहे, यावर तें ठरतें. चाक विकत घेतांना रंग व नक्षी पाहण्याआधीं हें अंतर विचारावें. मध्यें जाड चकत्या घालून चाक बाहेर ढकलण्याची चाल आहे. तिच्यानें तुंब्याच्या बेअरिंगवर भार वाढतो, स्टिअरिंग जड होतें, आणि लांब बोल्ट न घातल्यास नटाला पुरेसे आटे मिळत नाहींत.

टायर कोठें घांसतो तें डोळ्यांनीं दिसत नाहीं, कारण तो घांसतो तेव्हां पाहणारा आंत बसलेला असतो. येथें खडू कामास येतो. कमानीच्या आंतल्या कडेस व आजूबाजूच्या भागांस खडू फांसावा, गाडींत चार माणसें बसवावीं, स्टिअरिंग दोन्ही बाजूंस टोकापर्यंत फिरवून गाडी सावकाश चालवावी. खडू जेथें पुसला गेला तेथें भरधांव वेगांत टायर फाटणार आहे.

सर्वांत शेवटीं चाकांचे कोन. शेवटीं अशासाठीं कीं उंची बदलली कीं तेहि बदलतात. पुढें वरचा दांडा खालच्यापेक्षां आंखूड असल्यामुळें गाडी खालीं आली कीं चाकाचें डोकें आंत झुकतें. थोडा झोंक वळणावर उपकारकच असतो, पण दोन्ही चाकांचा सारखा असावा. मागचीं चाकें सरळ मागें जाणाऱ्या दांड्यांवर असल्यामुळें उंचीनें त्यांचा झोंक बदलत नाहीं. तीं आंत झुकलेलीं दिसलीं, तर तो गाडी उतरविल्याचा परिणाम नसून बहुधा दांड्याचें बेअरिंग झिजल्याची ती खूण असते. नाक फार खालीं ठेवलें तर स्टिअरिंगचा मागे कललेला आंस उभा होत जातो, आणि गाडी सरळ रस्त्यावर भटकूं लागते. पुढचीं चाकें पुढल्या बाजूस किंचित् फांकलेलीं ठेवतात, सुमारें एक सोळांश इंच. कारण चालतांना एंजिनची ओढ त्यांना आंत आणते. मागचीं उलट पुढल्या बाजूस सुमारें एक अष्टमांश इंच मिटलेलीं असतात. पुढचें अंतर स्टिअरिंगच्या दांड्यांचे आटे फिरवून, तर मागचें दांड्याच्या बाहेरच्या पकडीखालीं पातळ पट्ट्या घालून जुळवितात. गाडीच्या पुढच्या व मागच्या उंचीचें प्रमाण बदललें असल्यास दिव्यांचा झोतहि पुन्हां नेमून घ्यावा; समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार क्वचितच केला जातो.

चाकाच्या नटाची बैठक चाकाच्या भोंकाशीं जुळणारीच असावी. पोलादी चाकाचे निमुळते नट सपाट बैठकीच्या मिश्रधातूच्या चाकाला चालत नाहींत. नट समोरासमोरचे असे आळीपाळीनें, मापाच्या पान्यानें, गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या जोरानें आंवळावे. मिनीसाठीं तो जोर चाळीस-पंचेचाळीस पौंड-फुटांच्या आसपास असतो. लांब दांडीवर पाय देऊन आंवळलेला नट बोल्टाला ताणून दुबळा करतो. नवीं चाकें घातल्यावर पहिल्या पन्नास मैलांनीं गाडी थांबवावी, चाकें गार होऊं द्यावीं आणि सोळाहि नटांना पुन्हां एकदां पाना लावून पहावा.