कावळाही लिहा!

‘हल्ली चिमण्या दिसतच नाहीत हो!’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की, ते पडताळून पाहावे असे कोणाच्या मनातही येत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालाने ते पडताळले. मुंबईसह सहा महानगरांत चिमणी हळूहळू घटते आहे, हे खरे निघाले. देशभराचा हिशेब मांडल्यावर मात्र पंचवीस वर्षांत तिची संख्या साधारण स्थिर दिसली. याउलट, विजेच्या तारेवर बसणाऱ्या आणि पंख उघडताच निळाई उधळणाऱ्या नीलपंखासाठी कोणी हळहळत नव्हते. २०२३ च्या अहवालानुसार तो बारा वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी घटला आहे.

एवढ्या मोठ्या देशात हे मोजले कोणी? पगारी शास्त्रज्ञांच्या आवाक्यातले हे काम नव्हते. २०२३ च्या अहवालामागे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी आहेत. यातले बहुतेक जण हौशी. त्यांच्या नोंदींचे विश्लेषण करून शास्त्रज्ञांनी ९४२ जातींचा आढावा घेतला. यालाच नागरिक विज्ञान म्हणतात.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत नाताळला पक्ष्यांची शिकार करण्याची चढाओढ चाले. १९०० मध्ये फ्रँक चॅपमन यांनी सुचवले, मारू नका, मोजा. त्या दिवशी २७ जण बाहेर पडले. ती गणना आजही दरवर्षी होते. पुढे इंटरनेटमुळे जगभरच्या वह्या एकत्र आल्या. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये ‘ई-बर्ड’ सुरू केले. भारतातल्या नोंदीही मुख्यतः तिथेच जमा होतात.

नोंद करायची रीत सोपी आहे. जागा आणि वेळ लिहायची, किमान पंधरा मिनिटे पाहायचे, चाललात तर किती अंतर तेही सांगायचे. दिसलेले, आवाजावरून ओळखलेले पक्षी संख्येसह नोंदवायचे. शेवटी एक प्रश्न येतो : ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? सगळी मदार या प्रश्नावर आहे. उत्तर ‘हो’ असेल, तर यादीत जे नाही तेही बोलू लागते. कावळा, साळुंकी, बुलबुल लिहिले आणि चिमणी लिहिली नाही, याचा अर्थ त्या पंधरा मिनिटांत चिमणी आढळली नाही. मग अशा शंभर याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे, हे वर्षागणिक ताडून पाहता येते. नवख्याने ‘कावळा काय लिहायचा!’ म्हणून तो गाळला आणि तरीही ‘हो’ म्हटले, तर त्या गावातला कावळा कागदोपत्री नाहीसा होतो.

चुका होणारच. एखाद्या जागी न शोभणारा पक्षी किंवा अवाच्या सवा आकडा आला की संगणक तो बाजूला काढतो, मग त्या भागातला जाणकार परीक्षक फोटो किंवा वर्णन मागतो. खरी अडचण वेगळीच आहे. लोक रविवारी जातात, तलावावर जातात, शहराजवळ जातात. त्यामुळे एकाच पाणवठ्याच्या ढीगभर याद्या मिळतात आणि दूरच्या माळरानाची एकही नाही. हा असमतोल गणिताने काही अंशीच सावरता येतो. शिवाय पक्षी घटला हे याद्या सांगतात. का घटला, हे शोधायला अभ्यासकालाच शेता-शिवारात जावे लागते.

म्हणूनच दुर्मीळ पक्ष्यामागे धावणाऱ्या शंभर जणांइतकीच, आपल्या गावच्या माळावर दर आठवड्याला नेमाने यादी करणाऱ्या एकाची गरज आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसबागेतल्या पक्ष्यांची गणना होते. त्यासाठी दुर्बीण नसली तरी चालते. घराची गच्ची किंवा शाळेचे मैदानही पुरते. पंधरा मिनिटे काढा, जे ओळखता येईल ते सगळे लिहा आणि कावळा गाळू नका.