सेकंडहँड क्रूझर घेताना

पहिलीच गाडी, आणि तीही क्रूझर, म्हटलं की नजर आधी क्रोमवर जाते. जाऊ द्या, हात मात्र इंजिनावर ठेवा. ते गारच असायला हवं. मालकाने आधीच तापवून ठेवलेली गाडी खोड लपवते. पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली तर घाबरू नका, ते आत साठलेलं पाणी. निळसर धूर मात्र जळणाऱ्या ऑइलचा: पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेत. इथे घासाघीस नको, सरळ निघा.

क्रूझरचा पुढचा फोर्क जास्त तिरका, दोन चाकांतलं अंतरही मोठं. म्हणून हायवेवर ती संथ, सरळ धावते आणि गल्लीत वळवताना रस्ता पुरत नाही. बजाज अ‍ॅव्हेंजर 220ची सीट जेमतेम 737 मिलिमीटरवर, त्यामुळे बुटक्यांचेही पाय टेकतात. रॉयल एनफील्ड मीटिओर 350 मात्र 191 किलोंची. बंद करून ढकलून पाहाच. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध अडखळलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला.

टायरवर 2319 असेल, तर तो 2019च्या 23व्या आठवड्यातला. आणि आरसीवर कर्जाचा बोजा दिसला, तर बँकेची एनओसी हातात पडेपर्यंत इसारही देऊ नका.