सभागृहात हात वर झाले... पुढे काय?

‘सर्वसाधारण सभेत विषय गोंधळात मंजूर’ ही बातमी तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. वाचली आणि पान उलटलं, बरोबर? महापालिका म्हटलं की आपल्याला खड्डे, कचरा आणि वाढदिवसाचे फ्लेक्स आठवतात. पण त्या ‘विषया’त तुमच्या घरची पाणीपट्टी असू शकते, वॉर्डातली अभ्यासिका असू शकते, नाहीतर तुम्ही रोज संध्याकाळी क्रिकेट खेळता ते मैदानही असू शकतं.

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा बोटाला शाई लावून सेल्फी टाकला असेल. मुंबई, पुण्यासारख्या शहरांमध्ये २०२२ पासून नगरसेवकच नव्हते. आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव आणणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. विरोधात हात वर करायला समोर कोणी नव्हतं. आता सभागृहं पुन्हा भरली आहेत, तर तिथे नेमकं काय चालतं हे समजून घेऊया.

विषयपत्रिकेपासून ‘मंजूर’पर्यंत

सभेआधी नगरसेवकांना विषयपत्रिका मिळते. सभेत एक जण विषय मांडतो, तो सूचक. दुसरा पाठिंबा देतो, तो अनुमोदक. कुणाला त्यात बदल हवा असेल तर तो उपसूचना देतो. मग चर्चा आणि गरज पडली तर मतदान. दोन्हीकडे सारखी मतं पडली तर महापौरांचं निर्णायक मत. ठराव झाला की अंमलबजावणी करायची आयुक्तांनी, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. म्हणजे ठरवणारे वेगळे, करणारे वेगळे. अर्ध्या भांडणांचं मूळ इथेच आहे.

इथली भाषाही शिकून घ्या. ‘तहकूब’ म्हणजे सभा किंवा विषय पुढे ढकलला. ‘दप्तरी दाखल’ ऐकायला छान वाटतं, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो, फाईल कपाटात गेली आणि विषय संपला. कुणाला थेट ‘नाही’ म्हणायचं नसेल तेव्हा हे फार कामाला येतं. आणि ‘गोंधळात मंजूर’ म्हणजे घोषणाबाजी चालू असताना विषय पुकारला गेला आणि चर्चेशिवाय पुढे सरकला. तुमच्या नगरसेवकाने तेव्हा हात वर केला की नाही, हे अशा वेळी कुणालाच धड सांगता येत नाही.

एका हाताची किंमत

‘एकट्याने विरोध करून काय होणार?’ असं वाटत असेल तर पुण्याचीच गोष्ट घ्या. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते. त्यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. फुल्यांचं म्हणणं होतं की हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या. ३२ सभासदांमध्ये विरोधात मत पडलं ते एकट्या फुल्यांचं.

फुले हरले. स्वागतही झालं. पण कोण कोणत्या बाजूला होतं हे मतामुळे स्पष्ट झालं, म्हणून आज आपल्याला ते सांगता येतं. विषय गोंधळात उरकला असता तर हा विरोध दिसलाच नसता.

महाडचा ठराव

आता याच्या उलट गोष्ट. इथे ठराव जिंकला, पण कागदावरच.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं. ठराव एकदम स्पष्ट होता. पण पुढची तीन वर्षं त्या तळ्यावर दलितांना पाणी भरता आलं नाही. तसा प्रयत्न केला तर गावातले सवर्ण काय करतील, ही भीती होती. नगरपालिकेनेही ती दूर करायला काही केलं नाही.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत हजारो लोक चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. आपण हा दिवस सत्याग्रह म्हणून शिकतो, आणि तो होताच. पण एका बाजूने पाहिलं तर नगरपालिकेने मंजूर करून ठेवलेल्या ठरावाची ती अंमलबजावणी होती. ती लोकांनी स्वतः केली आणि त्यासाठी मारही खाल्ला. त्यानंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं.

याच्या पुढचा भाग आपण सहसा वाचत नाही. ४ ऑगस्ट १९२७ ला महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्या सभागृहाने हक्क दिला, त्यानेच हात वर करून तो काढून घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. एका ठरावाचा हा प्रवास तेरा वर्षांचा.

ठराव रद्द होण्याची वाट आजही आहे, फक्त ती मंत्रालयातून जाते. मुंबई सोडून इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात कलम ४५१ आहे. त्याखाली राज्य सरकार महापालिकेचा ठराव स्थगित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. त्यामुळे बातमीत ‘मंजूर’ वाचलं की लगेच पार्टी नको आणि लगेच शोकसभाही नको.

छोटं गाव, मोठा ठराव

ठराव खालून वरही जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं.

अर्थात परिपत्रक निघालं म्हणून घराघरातली पद्धत लगेच बदलत नाही. महाडने हेच शिकवलंय. पण ठराव झाला की बदल मागणाऱ्या बाईच्या हातात निदान एक कागद येतो.

मग आपण काय करायचं?

गावाकडचे असाल तर तुमच्याकडे शहरातल्या मित्रांपेक्षा जास्त ताकद आहे. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. तिथे तुम्ही प्रेक्षक नाही, तुम्ही स्वतः बोलू शकता, स्वतः हात वर करू शकता. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. सुट्टीत घरी जाल तेव्हा पुढची कधी आहे ते विचारा.

शहरात असाल तर महापालिकेची सभा साधारणपणे लोकांसाठी खुली असते. चार-पाच जण मिळून एकदा गॅलरीत जाऊन बसा. जाण्याआधी विषयपत्रिका मिळवा. ती वेबसाइटवर नसेल तर नगरसचिव कार्यालयात मागा. झालेल्या सभेचं इतिवृत्त हवं असेल आणि कुणी देत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, म्हणजे कटिंग चहाच्या आसपास.

समजा, तुमच्या मैदानाचं आरक्षण बदलायचा विषय आलाय. सभेत तो मंजूर झाला तरी खेळ संपत नाही. विकास आराखड्यात असा बदल करायचा तर जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी महिनाभर मिळतो. ही सूचना पेपरात येते, अगदी बारीक अक्षरात. ती ज्याने वाचली, त्याची हरकत कागदावर येते. ज्याने नाही वाचली, त्याला मैदानाभोवती पत्रे लागल्यावर कळतं.

वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नगरसेवकाला पुढच्या वेळी ‘खड्डा कधी बुजवणार?’ असं विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न टाका : ‘मागच्या सभेत अमुक विषयावर तुम्ही कुणाच्या बाजूने हात वर केलात?’ उत्तर नाही आलं, तर इतिवृत्त मागवायचं कुठून ते आता तुम्हाला माहीत आहे.