जलपर्णी इथली नव्हे, कमळ तरंगत नाही

यवतमाळात घरामागच्या टाक्यात हिरवळ हवी म्हटलं, की कुणीतरी हमखास जलपर्णीची दोन रोपं आणून देतं. जांभळी फुलं, फुगीर देठ, नाल्यात फुकट मिळणारी. म्हणजे इथलीच, असा समज. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी बंगालात आली. मनासारखं पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. कंटाळून नाल्यात फेकली तर मरत नाही, वर्धा नाहीतर पैनगंगेची वाट धरते. उपटून उन्हात कडक वाळवावी.

‘पाण्यावर पानं म्हणजे डास’ हे अर्धंच खरं. मॅन्सोनिया डासांच्या अळ्या जलपर्णीच्या मुळांना टोचून तिथूनच हवा घेतात, श्वासासाठी वरही येत नाहीत. इतर बहुतेक डासांच्या अळ्यांना मात्र वर यावं लागतं, आणि तिथे लहान मासे त्यांना टिपतात. त्यासाठी सोडले जाणारे गप्पी मासे मात्र परदेशी आहेत, ते ओढ्यात सोडू नयेत.

कमळ तरंगतं, असं आपण सगळेच म्हणतो. त्याचा कंद चिखलात रुतलेला असतो. जुनी पानं तर पाण्याच्या वर उभी राहतात. पान पाण्यावर पसरलेलं आणि देठाकडे चिरलेलं दिसलं, तर ते कमळ नाही, कुमुद. रोपवाटिकेत ‘कमळ’ म्हणून पुष्कळदा तेच हाती येतं. खरोखर मोकळा तरंगणारा एक देशी नेचा म्हणजे अझोला. तो मे महिन्यातल्या ४४ अंशांत सावलीवाचून तग धरत नाही, आणि पावसाळ्यात टाकं झाकून टाकतो. खालचा उजेड अडला की पाण्यातला प्राणवायू घटतो, म्हणून अधूनमधून चाळणीनं काढून गुरांना घालावा.

‘पाण्यातलं झाड बारमाहीच हवं’ हा समज आपल्याकडे सर्वांत महाग पडतो, कारण उन्हाळ्यात टाकं भरायला पाणी आणायचं कुठून? मला म्हणून शिंगाडा पसंत. भंडारा-गोंदियाचे ढिवर तलावांत तो पूर्वापार घेतात. मूळ गाळात, पानांचं चक्र पाण्यावर, देठांत हवेचे फुगे, फळं पानांखाली. पावसाळ्यात वाढतो, थंडीत फळतो, मग संपतो. किराणा दुकानातला वाळका शिंगाडा मात्र रुजत नाही. पिकलेली ताजी फळं पाण्यातच ठेवावी लागतात; त्यांतून उगवलेल्या रोपांना उन्हाळाभर एक नांद पुरते, पाऊस पडला की रोपं टाक्यातल्या गाळात लावायची.